मजुराच्या मरणाचा गुन्हेगार कोण? एडविन चॅडविक यांच्या आयुष्याचा धडा

बांधकामावर मजूर मेला की पुढे काय होते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. परांची कोसळते, खोदलेल्या खड्ड्याची माती ढासळते, लिफ्टचा दोर तुटतो. पोलीस येतात, पंचनामा होतो. साइटवरचा सुपरवायझर नाहीतर पोटठेकेदार पकडला जातो. मंत्री मदत जाहीर करतात आणि थोड्याच दिवसांत काम पुन्हा सुरू होते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला मजुरांच्या झोपड्यांवर भिंत पडून १५ जण गेले. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर चढवणारे यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. मेलेले कोण होते? पोटासाठी गाव सोडून आलेली माणसे. नाक्यावर सकाळी सात वाजता उभा राहणारा बिगारी कोणत्या समाजातून येतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

प्रश्न असा आहे की या मरणांचा गुन्हेगार कोण? चुकीचा दोर बांधणारा हात, की कमी पैशांत आणि कमी दिवसांत काम उरकायला लावणारे डोके? हा प्रश्न आजचा नाही. १८४६ साली इंग्लंडमध्ये तो एका माणसाने आकडेवारीसह संसदेपुढे मांडला होता. त्यांचे नाव सर एडविन चॅडविक. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. परंतु बांधकाम मजुरांच्या मरणाची जबाबदारी वरच्यांवर टाकण्यासाठी त्यांनी केलेली धडपड फारशी सांगितली जात नाही. चळवळीतल्या माणसाने ती समजून घेतली पाहिजे.

चॅडविक मजुरांचे पुढारी नव्हते, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. त्यांचा जन्म २४ जानेवारी १८०० रोजी मँचेस्टरजवळ झाला. वडील पुरोगामी विचारांचे पत्रकार होते. लहानपणीच कुटुंब लंडनला आले. एडविन यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि ते जेरेमी बेंथॅम या विचारवंताचे सचिव झाले. ज्याचे हित ज्यात असते तेच माणूस करतो, म्हणून कायदा असा करावा की लोकांच्या हितातच अधिकाऱ्याचे आणि मालकाचे हित दिसले पाहिजे, हे बेंथॅम यांच्या विचाराचे सार चॅडविक यांनी आयुष्यभर सोडले नाही. १८३२ मध्ये बेंथॅम वारले आणि त्याच सुमारास चॅडविक सरकारी चौकशी आयोगांच्या कामात शिरले.

१८३३ च्या कारखाना आयोगात त्यांचा मोठा वाटा होता. त्यातून झालेल्या कायद्याने इंग्लंडला पहिल्यांदा पगारी कारखाना निरीक्षक मिळाले. सुरुवातीला अवघे चार! यंत्रात सापडून मुले जखमी होतात त्याची भरपाई मालकाने द्यावी, अशीही सूचना या आयोगाने केली होती. ती कायद्यात आली नाही. मालकाच्या खिशाला हात लावणारी सूचना कागदावरच राहते, हा अनुभव चॅडविक यांना तेव्हाच आला.

पुढच्याच वर्षी त्यांच्या हातून गरिबांचा मोठा घातही झाला. १८३४ च्या गरीब कायद्याचा अहवाल लिहिणाऱ्यांत ते प्रमुख होते. या कायद्याने मदत मागणाऱ्या गरिबाला श्रमगृहात डांबले. तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि मुले तिसरीकडे ठेवली जात. इंग्लंडच्या कष्टकऱ्यांनी या कायद्याला शिव्याशाप दिले आणि त्याबरोबर चॅडविक यांच्या नावालाही. आम्ही हे झाकून ठेवणार नाही. गरिबाकडे माणूस म्हणून पाहण्याआधी ते त्याच्याकडे हिशेबातली रक्कम म्हणून पाहत. पण याच हिशेबी नजरेने पुढे प्रस्थापितांचे बिंग फोडले, हेही तितकेच खरे.

१८४२ मध्ये त्यांनी कष्टकरी वर्गाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मरणाच्या वेळच्या सरासरी वयाचे आकडे होते. मँचेस्टरमध्ये सधन घरांतल्या माणसांचे हे वय ३८, दुकानदारांचे २० आणि मजुरांचे १७. लिव्हरपूलमध्ये मजुरांचे १५. लहान मुलांचे मृत्यू प्रचंड असल्यामुळे हे आकडे इतके खाली गेले होते. मरण सर्वांना सारखेच येते, असे आपल्याकडे कीर्तनात सांगतात. चॅडविक यांच्या तक्त्याने दाखवले की मरणही वर्ग बघून येते! मजूर दारूने मरतो, आळसाने मरतो, नशिबाने मरतो, असे सांगणाऱ्यांना हे आकडे म्हणजे सणसणीत उत्तर होते.

आता मूळ विषयाकडे येऊ. त्या काळात इंग्लंडमध्ये रेल्वे बांधण्याची लाट आली होती. मँचेस्टर आणि शेफील्ड ही शहरे जोडण्यासाठी उजाड डोंगराच्या पोटातून वुडहेड येथे तीन मैलांहून थोडा लांब बोगदा खोदायचे ठरले. काम १८३९ च्या सुमारास जोरात सुरू झाले आणि डिसेंबर १८४५ मध्ये गाडी धावली. जोसेफ लॉक हे त्या काळातले नामांकित इंजिनिअर या कामावर होते. हजारावर मजूर त्या माळरानावर दगडमातीच्या झोपड्यांत राहून सुरुंग लावत होते. जखमींवर उपचार करायला एक डॉक्टर होता, त्याच्यासाठी मजूर आपल्याच मजुरीतून वर्गणी काढत. या डॉक्टरच्या नोंदींनुसार ३२ मजूर ठार झाले. हाडे मोडलेले आणि डोळे गेलेले तर कितीतरी.

ही माहिती चॅडविक यांच्या हाती आली आणि त्यांनी हिशेब मांडला. या एका बोगद्यावर शेकडा ३ हून अधिक मजूर मेले आणि शेकडा १४ जखमी झाले. नेपोलियनविरुद्धच्या स्पेनमधील लढाया आणि वॉटर्लूची लढाई धरली तर मेलेल्या साध्या शिपायांचे प्रमाण शेकडा २ च्या थोडे वर होते. म्हणजे शत्रूच्या तोफेसमोर उभा राहणारा शिपाई रेल्वे कंपनीच्या मजुरापेक्षा सुरक्षित होता! जानेवारी १८४६ मध्ये मँचेस्टरच्या सांख्यिकी मंडळापुढे हे निबंध वाचले गेले आणि एकच खळबळ उडाली.

ही मरणे टळू शकत होती काय? होय, टळू शकत होती. सुरुंगाच्या भोकात दारू ठासायला लोखंडी गज वापरत. लोखंड खडकावर घासले की ठिणगी पडते आणि सुरुंग हातातच उडतो. तांब्याचा गज मऊ असतो, त्याने हा धोका कमी होतो. पण तांबे महाग! ठराविक वेळात जळणारी सुरक्षित वात त्या वेळी बाजारात मिळत होती. पुढे संसदेच्या समितीपुढे बोगद्याच्या इंजिनिअरला या वातीबद्दल विचारले गेले. या वातीने वेळ फार जातो, काही जीव वाचतील एवढ्यासाठी तेवढा वेळ घालवण्याची शिफारस आपण करणार नाही, अशा अर्थाची साक्ष त्याने दिली. वाचकांनी इथे थांबून विचार करावा. हा इंजिनिअर क्रूर होता, एवढ्याने भागत नाही. त्याला वेळेचा हिशेब वरच्यांना द्यायचा होता. जिवांचा हिशेब मागणारा कोणी नव्हता.

चॅडविक यांचा मुद्दा नेमका हाच होता. मजूर मेला तर कंपनीचे काही जात नाही. विधवा आणि पोरे गावाच्या गरीब निधीवर जगायला येतात. नफा कंपनीचा आणि अनाथ मुले गावाच्या माथी! मग कंपनी तांब्याचा गज कशाला घेईल? म्हणून ज्याच्या हातात अपघात टाळण्याची सत्ता आहे, जबाबदारी त्याच्यावरच टाका, असे त्यांचे म्हणणे होते. मजूर बेफिकीर असतात, असे मालक सांगत. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की बेफिकीर माणूसही मरणार नाही अशी व्यवस्था करणे हे काम चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. फ्रान्सचा कायदा मालकाला अशा अपघाताची भरपाई द्यायला लावत होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पॅरिस ते रुआँ ही रेल्वे १८४० च्या दशकात इंग्रज ठेकेदारांनीच बांधली होती आणि तिचे इंजिनिअर होते हेच जोसेफ लॉक. म्हणजे तेच इंग्रज फ्रान्समध्ये कायद्याखाली काम करत होते आणि मायदेशात मोकाट होते.

१८४६ मध्ये संसदेने रेल्वे मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. चॅडविक यांनी साक्ष दिली. थोर इंजिनिअर ब्रुनेल यांच्यासारख्यांनी सरकारी हस्तक्षेपाला विरोध केला. तरीही समितीने बांधकामावरच्या अपघातांची जबाबदारी कंपनीवर टाकावी, अशी शिफारस केली. पुढे काय झाले? सभागृहात या अहवालावर साधी चर्चासुद्धा झाली नाही. रेल्वेत पैसा गुंतवलेली मंडळीच संसदेत बसली होती.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. जुन्या इंग्रजी कायद्यात एक चाल होती. माणसाचा जीव घेणारी वस्तू, मग ते गाडीचे चाक असो की इंजिन, सरकारजमा व्हायची किंवा तिच्या किमतीचा दंड मालकाकडून घेतला जायचा. रेल्वेचे अपघात सुरू झाल्यावर चिडलेल्या ज्युरी इंजिनांवर जबर दंड बसवू लागल्या. १८४१ मध्ये सॉनिंग येथे असा अपघात झाला. त्यात मेलेल्यांमध्ये संसदेची नवी इमारत बांधणारे पाथरवट होते. या संसदेने १८४६ मध्ये ही चालच रद्द केली. बदल्यात मृताच्या वारसांना दिवाणी दावा लावण्याचा हक्क दिला. पण मजुराच्या वारसाला त्याचा उपयोग काय? १८३७ च्या एका निकालापासून न्यायालये म्हणू लागली होती की सोबतच्या कामगाराच्या चुकीने अपघात झाला तर मालक जबाबदार नाही. मुकादमही मालकाचा नोकरच, म्हणून तोही सोबतचा कामगार! अशा रीतीने मालक सुटला.

चॅडविक यांनी १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यासाठी खपून काम केले आणि ते आरोग्य मंडळावर गेले. दुर्गंधीने रोग होतो हा त्यांचा हट्ट होता. त्यापायी लंडनची घाण टेम्स नदीत लोटली गेली आणि लोकांचे पिण्याचे पाणी बिघडले. ही त्यांची घोडचूक. पण १८५४ मध्ये त्यांना पदावरून घालवले ते मुख्यतः घरमालक, पाणी कंपन्या आणि नगरपालिकांचे कारभारी त्यांच्यावर खवळले होते म्हणून. नंतरची छत्तीस वर्षे ते पदाशिवाय लिहीत राहिले. १८८९ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. ६ जुलै १८९० रोजी ते वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे निधन झाले. जोतीरावांनी सरकारी बांधकामांची ठेकेदारी केली होती आणि त्या कामांवरचा मजूर जवळून पाहिला होता.

इंग्लंडची ही कहाणी आपल्या दारापर्यंत येते. तिथे जो कायदा झाला नाही त्याची किंमत आपल्या लोकांनीही चुकवली. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेचा चढ बांधला गेला. इंग्रज ठेकेदार, त्यांचे युरोपियन देखरेखदार, खाली मुकादम आणि त्याखाली गावोगावचे मजूर. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे त्या घाटात राबत होती. कॉलरा, ताप, सुरुंग आणि दरड यांनी किती गेले याची नीट नोंदही ठेवली गेली नाही. सुमारे २५,००० मरण पावले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. वुडहेडच्या ३२ जणांचा हिशेब मांडायला निदान एक डॉक्टर आणि एक चॅडविक होता. आमच्या पूर्वजांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

कायदा मात्र तत्पर होता. १८५९ च्या कामगार करारभंग कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगात पाठवण्याची सोय केली. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडले. मजूर पळाला तर फौजदारी, मजूर मेला तर काहीच नाही! १८६० च्या भारतीय दंड संहितेत हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलमसुद्धा सुरुवातीला नव्हते. ३०४-अ हे कलम १८७० मध्ये घातले गेले. त्यात शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे.

या कलमाची अडचण आमच्या वाचकांनी समजून घ्यावी. मृत्यू आरोपीच्या कृतीचा थेट परिणाम होता, हे सिद्ध करावे लागते. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मेले. १९६५ मध्ये हा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. ज्वालाग्राही माल ठेवलेल्या खोलीतच पेटत्या भट्टीवर काम चालू दिल्याचा आरोप व्यवस्थापक-भागीदारावर होता. न्यायालयाने मृत्यूचे थेट कारण दुसऱ्या कामगाराच्या हातून घडलेली चूक मानले आणि ३०४-अ मधून त्याला सोडले. आगीबाबत बेफिकिरीच्या किरकोळ कलमाखालची शिक्षा तेवढी राहिली. म्हणजे शेवटचा हात कोणाचा, एवढेच कायदा पाहतो. तो हात नेहमी गरिबाचाच असतो. वेळ, पैसा आणि साहित्य ठरवणारा मालक त्या हातापासून जितका दूर, तितका तो सुरक्षित. पोटठेक्याच्या उतरंडीचा हाही एक फायदा आहे, हे विसरून चालणार नाही.

आता कायदे बदलले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीने मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अमलात आणली गेली. सुरक्षेचे कर्तव्य मोडल्याने कामगार मेला तर तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडातला निदान अर्धा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, ही चांगली गोष्ट. पण मधल्या त्या किंवा या शब्दाकडे नीट पाहा. कोट्यवधींच्या प्रकल्पात पाच लाख म्हणजे सिमेंटच्या हिशेबात मिसळून जाणारी रक्कम!

चॅडविक इथेच अपुरे पडतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. मरण महाग केले की मालक ते टाळील, असे त्यांना वाटले. भरपाईचा कायदा नव्हता तेव्हा ते मोठे पाऊल ठरले असते. पण भांडवलदार मरणाची किंमतही टेंडरमध्ये धरतो आणि विमा उतरवून मोकळा होतो. तुरुंगाचा विमा मात्र उतरवता येत नाही. म्हणून भरपाई हवीच, पण तिच्या जोडीला फौजदारी जबाबदारी हवी आणि तीही खालच्या मुकादमापाशी न थांबणारी. ब्रिटनने १९७४ च्या कायद्यात संचालकाच्या संमतीने, डोळेझाकीने किंवा हयगयीने गुन्हा घडला तर त्याच्यावर व्यक्तिशः खटला भरण्याची सोय केली. २००७ मध्ये कंपनीलाच मनुष्यवधासाठी दोषी धरणारा कायदा केला. त्याखालची पहिली शिक्षा २०११ मध्ये झाली, ती जमिनीची चाचणी घेण्यासाठी खणलेला खड्डा ढासळून एक तरुण कर्मचारी मेल्याच्या प्रकरणात. चॅडविक यांच्या साक्षीनंतर १६५ वर्षांनी!

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. मजुराची स्थिती साहेबाच्या अहवालातून नव्हे, तो राबतो तिथे जाऊन पाहायची असते, हे त्यांनी कृतीने दाखवले. संविधानाच्या कलम ४२ मध्ये कामाची न्याय्य आणि माणुसकीची स्थिती निर्माण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. ते कलम बांधकामाच्या साइटवर पोचवायचे काम आपले आहे.

मग करायचे काय? वस्तीतला मजूर साइटवर मेला तर कार्यकर्त्यांनी सांत्वनावर थांबू नये. एफआयआरमध्ये फक्त सुपरवायझरचे नाव आहे काय, हे पाहावे. मूळ ठेकेदार कोण, विकासक कोण, कामाची मुदत कोणी ठरवली, सुरक्षेचे साहित्य कोणी नाकारले, धोक्याची तक्रार आधी कोणाकडे गेली होती, हे तपासात यावे म्हणून लेखी अर्ज द्यावा. कामावर असलेल्या सोबत्यांचे जबाब लगेच नोंदवून घ्यावेत, कारण ठेकेदार त्यांना दोन दिवसांत गावाला पाठवून देतो. घरच्यांना सांगावे की भरपाई घेतली म्हणून फौजदारी गुन्हा मिटत नाही. हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि प्रत्येक मरणाची तारीख, जागा आणि कारण यांची आपली नोंदवही ठेवा.

ज्यांचा हिशेब ठेवला जात नाही त्यांच्यासाठी न्यायही मागता येत नाही. इंग्लंडच्या एका रूक्ष, हट्टी, गरिबांचा फारसा लाडका नसलेल्या माणसाने ३२ मजुरांचा हिशेब संसदेपुढे ठेवला आणि मालकांची झोप उडवली. आपल्या माणसांचा हिशेब आपणच ठेवला पाहिजे आणि तो शेवटच्या हातापाशी न थांबता पहिल्या सहीपर्यंत नेला पाहिजे. जयभीम!